वाळवलेला नमुना

संशोधक विद्यार्थिनीने कडा चढून शोधलेली फुलझाडाची नवी जात सरांनी खुशाल स्वतःच्या नावावर छापली. तिचं नाव आभारातही नव्हतं.

"रागावली नाहीस ना गं?"

"छे हो सर. फुलं काय आपण घडवतो, माझं-तुझं करायला?"

यंदा तिने आणखी एका दुर्मीळ रोपाचा वाळवलेला नमुना टेबलावर उघडाच ठेवला आणि आठवडाभर रजेवर गेली. महिन्याभरात सरांचा शोधनिबंध आला, सत्कारही झाला. "जिवावर उदार होऊन कडा चढलो," सर व्यासपीठावरून म्हणाले, "अशी पानं मी जन्मात पाहिली नव्हती."

मागच्या रांगेतून ती शांतपणे उठली.



"सर, फूल कड्यावरचंच आहे, पण पानं तुमच्या केबिनमधल्या कुंडीतली, मीच चिकटवली होती."