सुकलालची हजेरी

इंग्रजांनी पारध्यांवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता, म्हणून सुकलाल पारधी वीस वर्षं रोज ठाण्यात जाऊन अंगठा देत होता. बावन्न साली तो कायदा उठला. त्या दिवशी त्यानं सगळ्या बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, गूळ वाटला.

पुढच्याच महिन्यात अकोल्याजवळ घरफोडी झाली. पोलिसांनी सुकलालच्या लेकाला उचललं आणि तीन दिवस उलटं टांगून मारलं.

"साहेब, चोरी झाली तवा पोरगं बेड्यावरच होतं," सुकलाल पाया पडत म्हणाला.

"कशावरून?" जमादारानं विचारलं. "पयले हजेरी होती. कोन कुठं हाये, ते आमाले मालूम रायचं. आता तुमी मोकळे झाले. मंग पुरावा कुठून आनतं?"

खरा चोर परगावी सापडला तेव्हा लेक सुटला, पण त्याला खांद्यावर घालून घरी न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकलाल पुन्हा ठाण्यात गेला आणि त्यानं अंगठा पुढं केला.

"साहेब, माही हजेरी परत लावा. पोराची बी लावा. अन् सुनेले सातवा महिना हाये, तिच्या लेकरासाठी एक ओळ कोरी ठेवा."