दर्शनी भिंत

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात गांधीबागेतल्या नव्या दुकानाच्या दर्शनी भिंतीला तडे गेले. मालक चिडला, तेव्हा देवराव मिस्त्रीने मजूर सुभद्रेकडे बोट दाखवलं. "हिनं गिलाव्यावर पाणीच नीट मारलं नाही, शेठजी." त्याच दिवशी तिचं काम सुटलं.

तीन वर्षांनी ती त्याला वाडीच्या एका गोदामाच्या कामावर दिसली. सगळे मजूर सावलीत जेवत होते, ती एकटीच भिंतीवर पाणी मारत होती. देवरावला राहवलं नाही.

"सुभद्रा, तुही चूक नव्हती वं. रेतीतच माती होती. मले तवाच मालूम होतं."

तिनं बादली खाली ठेवली.

"मी तं तवापासून जेवाच्या सुट्टीतबी पाणी मारून राहिली, मिस्त्रीजी. मले वाटे, माह्याच आळसानं भिंत फुटली."