चंतूचा रिकामा कान

चंतू शेवटी हरला. वाईट हरला. पण ते सध्या विसरा, तसं काही झालेलंच नाही. सध्या चंतू वाचनालयाच्या ओट्यावर बसलाय आणि जिंकतोय.

हीच तर अडचण होती.

त्या गावात पत्त्यांवर पैसे लावत नाहीत, कान लावतात. हरलेल्या जोडीनं कानाला कुणुक्कू लटकवायचा. फणसाचं पान, कपड्यांचा चिमटा, हाताला लागेल ते. पुढचा डाव जिंकेपर्यंत काढायचा नाही. चंतू बस चालवायला लागला तेव्हापासून हरत होता. त्याच्या उजव्या कानाची पाळी डावीपेक्षा लांब झाली होती. त्याचा भिडू बीरान मासे विकायचा. त्याच्या कानाला पान दिसलं की गिऱ्हाइकं विचारायची, "आजपण चंतू?"

मग चंतूच्या आतड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि चंतू जिंकायला लागला. रोज. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, वेळेवर सापडलाय, औषध पुरं घ्या, बरे व्हाल. पण डॉक्टरबाईंची ओळख पावसाळ्यानंतरची. ओट्यावरच्या माणसांची तीस वर्षांची.

आज नाणू मास्तरांनी बदाम हुकूम ठेवला आणि त्याच बदामानं स्वतःच्या भिडूचा, औसेपचा, गुलाम कापला. या खेळात गुलामाच्या वर कोणी नाही. चंतूनं हळूच औसेपकडं पाहिलं. औसेप असा माणूस, की त्याच्या लग्नात पाद्रींनी प्रार्थनेची एक ओळ गाळली, तर त्यानं सगळ्यांना थांबवून त्यांना ती पुन्हा म्हणायला लावली होती.

"असू दे, मास्तर," औसेप म्हणाला. "होतं असं."

चंतूनं पत्ते खाली ठेवले. त्याला त्याचा रिपोर्ट मिळाला होता.

"किती दिवस राहिलेत माझे?"

"कसले दिवस?"

"डॉक्टरबाईंनी तुम्हाला काय सांगितलंय ते सांगून टाका. माणूस मरायला टेकल्याशिवाय औसेप कुणाला 'असू दे' म्हणत नाही. मला जिंकवताय तुम्ही. सोमवारी मी सुईला जाणार नाही. मरायचंच असेल तर उलट्या न करता मरेन."

बीराननं पत्त्यांवर हात आपटला. "तुला जिंकवतोय? तुला? तीस वर्षं मी कानाला पान लावून बांगडे विकले, चंतू. तुला जिंकवायची युक्ती कुणाला सापडली असती तर ती आधी मी वापरली नसती?"

"तू नाही. हे दोघं मुद्दाम हरतायत."

"मुद्दाम हरायलाही डोकं लागतं," मास्तर म्हणाले. "तू पत्ता टाकतोस तेव्हा मी पत्ता बघतच नाही. तुझ्या हाताची काळी पडलेली शीर बघतो. हुकूम काय बोललो तेच आठवत नाही." त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि इस्पिकचा गुलाम काढून मध्ये ठेवला. "हा गेल्या आठवड्यात चष्म्याबरोबर माझ्या घरी गेला. घरी कळलं, पण आणून टाकायचं भान नाही राहिलं. आठवडाभर आपण याच्याशिवाय खेळतोय. औसेपला कळलं नाही. बीरानला कळलं नाही."

"मलापण नाही कळलं," चंतू म्हणाला.

"तुला कधीच कळत नाही. तुझं सोड."

औसेप मान खाली घालून गुलामाकडं बघत होता. त्यानं डोळे पुसले आणि मास्तरांना एक अस्सल शिवी दिली. चंतूला जरा बरं वाटलं.

"म्हणजे डॉक्टरबाई खरं बोलल्या?"

"ती पत्ते खेळते का आपल्याबरोबर?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मग तिचं डोकं ठिकाणावर आहे."

सोमवारी चौघंही जीपनं इस्पितळात गेले. तिघांना वाटत होतं की आत कसले कसले आवाज येत असतील. आत एक बाई सुई लावलेल्या हातानं सुनेला फोनवर झापत होती. तिघांचा जीव भांड्यात पडला.

चंतूच्या उजव्या हातात सुई, डाव्या हाताच्या बोटाला यंत्राचा चिमटा. म्हणून त्याचे पत्ते औसेपनं धरले. आता औसेप हा विरुद्ध पक्ष. पण त्यानं मेरीमातेची शपथ घेतली आणि डोळे मिटले.

"एट्टा," सुनेला झापून झालेली बाई चंतूला थोरल्या भावासारखी हाक मारत म्हणाली. तिचं नाव सैनबा. "त्यांचा एक डोळा उघडा आहे."

"तो नेहमीच तसा असतो," मास्तर म्हणाले आणि इस्पिकच्या गुलामानं हात मारला. मग पुढचा मारला. मग सगळेच मारले. असा पराभव चंतूनं निरोगी असतानाही पाहिला नव्हता.

तिथं फणसाचं पान नव्हतं. बीरानला फाइलीची क्लिप लागली. चंतूच्या बोटाचा चिमटा काढून त्याच्या कानाला लावला. यंत्र पिं-पिं करायला लागलं, तशी सिस्टर धावत आली.

"चंतूएट्टा, हा बोटाला लावायचा असतो!"

"हरलोय, सिस्टर."

सिस्टरनं यंत्रावरचा आकडा पाहिला, चौघांची तोंडं पाहिली आणि चिमटा परत बोटाला लावला. हसू काही तिला लपवता आलं नाही.

"पुढच्या वेळी मलापण घ्या," सैनबा म्हणाली. "पण यांच्या जोडीला नको हं. मला आधीच एक आजार आहे."

त्यानंतर चंतूनं एकही सुई चुकवली नाही, आणि एकही डाव जिंकला नाही. गेल्या रविवारी तो दोन्ही कानांना पानं लावून ओट्यावर उभा राहिला. वाचनालयाची समिती, म्हणजे औसेप, मास्तर आणि बीरान, समोर पत्ते पिसत होती. चंतूनं घसा साफ केला.

"माननीय समितीस सादर. अर्जदारास कॅन्सर असल्याकारणाने त्यास कुणुक्कूतून माफी मिळावी, ही नम्र विनंती."