वेंडलचा गुडघा

वीस पावलांवर, फड्या निवडुंगाच्या मागे, काहीतरी काळपट हललं. लासारोने श्वास रोखला आणि बाण दोरीला लावला.

हावेलिनाच असणार, इथलं रानडुकरासारखं जनावर. नऊ-दहा जनावरांचा कळप सकाळी टिनोने समोरच्या टेकडीवरून दुर्बिणीतून हेरला होता. निवडुंग खात खात कळप या कोरड्या ओढ्यात उतरला होता. टिनोने वरून टोपी हलवून खुणा करायच्या, वेंडलने वळसा घालून ओढ्याच्या वरच्या तोंडाशी बसायचं आणि लासारोने खाली मेस्किटच्या झुडपाआड थांबायचं, असं ठरलं होतं. जागचं हलायचं नाही, हेही ठरलं होतं. टिनोने टोपी हलवली असेलही. लासारोला टेकडी दिसत होती, टिनो दिसत नव्हता. त्याने आपली अंदाजाने मान डोलावली. मग अर्धा तास काहीच घडेना, तेव्हा न राहवून तो झुडूप सोडून वर सरकला.

त्याच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धुरकट डाग आला होता, त्याला आता चार वर्षं होतील. कडेकडेचं दिसे. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जाई. हे डॉक्टरांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. कंबर धरते असं सांगून त्याने गाडीची किल्ली टिनोकडे देऊन टाकली होती.

दोस्तांना कळलं तर संपलंच. तांब्याच्या खाणीत एकत्र ट्रक हाकायचे तेव्हापासून ते दर जानेवारीत इथे येत, एकतीस वर्षं झाली. पूर्वी हार्लन नावाचा चौथाही होता. त्याला दिसेनासं झालं, तेव्हा त्याच्या हातातून धनुष्य काढून घेऊन त्याला चुलीपाशी बीन्स ढवळायला बसवलं ते लासारोनेच. हार्लनने गुपचूप ढवळले. पुढच्या वर्षी तो आलाच नाही.

म्हणून यंदा एक तरी जनावर पडायलाच हवं होतं. तीन वर्षं लासारो रिकाम्या हाताने परतत होता आणि तीन वर्षं त्याचं खापर वेंडलच्या गुडघ्यावर फोडत होता. गुडघा दुखतो म्हणून वेंडल शिकारीला निघताना कापराचं मलम चोळायचा, तेही बोटभर नाही, मूठभर. हावेलिनाला चार हातांपलीकडचं धड दिसत नाही, पण नाक असं की माणसाचा घाम कुठल्या कुठे कळतो. त्यासाठी लासारो आठवडाभर साबण लावत नसे आणि हा शहाणा औषधाच्या दुकानासारखा घमघमत यायचा. वाऱ्याची झुळूक फिरली की कळप उधळायचा. वेंडलच्याही हाती तीन वर्षांत काही लागलं नव्हतं. काल संध्याकाळी तर लासारोने मलमाची डबी उचलून झुडपात भिरकावली. वेंडलने ती शोधून आणली, पुसली आणि खिशात टाकली.

निवडुंगामागचा आकार पुन्हा हलला. करडा, ठेंगणा, चार पायांवर. लासारोने नजर किंचित बाजूला वळवली, तेव्हा कडेने तो बरा दिसला. त्याने दोरी गालापर्यंत ओढली. वारा तोंडावर येत होता. वाऱ्याकडे तोंड असल्याशिवाय त्याने आयुष्यात कधी बाण सोडला नव्हता. बापाची शिकवण होती ती.

आता सोडायचा. पण काहीतरी चुकत होतं.

वास नव्हता. वीस पावलांवर हावेलिना असेल तर तो कुबट, उग्र दर्प घशात बसतो. इथे नुसती धूळ होती. लाकडी धनुष्य, दोरी फार वेळ धरवेना. मग जोराची झुळूक आली आणि त्याच्या नाकात कापूर शिरला.

दोन्ही हातांनी त्याने कशीबशी दोरी सैल केली. बाण खडकावर पडून खणखणला.

"वेंडल?"

"मग कोण?" करडा आकार उभा राहिला. "पाय घसरला, धाडकन निवडुंगात पडलो. हाताची चाळण झालीय. काटे काढतोय. आणि तू रे इथे कसा? तुला खाली बसायला सांगितलं होतं ना?"

लासारो खाली बसला. तुला वेळेवर पाहिलं म्हणून थांबलो, हे वाक्य त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाण समोर खडकावर पडला होता.

"तू मला दिसला नाहीस," तो म्हणाला. "तुझ्यावर बाण ताणला होता मी. मला दिसत नाही, वेंडल. चार वर्षं झाली."

वेंडलने खडकावरचा बाण पाहिला. त्याचं पातं वस्तऱ्याच्या धारेचं होतं. मग जवळ येऊन बसला. टेकडीवर टिनो दोन्ही हात हलवत असल्याचं त्यानेच सांगितलं. लासारोने मान वर केली. त्याला टेकडी दिसली.

त्याने धनुष्याची दोरी उतरवली, गुंडाळली आणि धनुष्य वेंडलच्या मांडीवर ठेवलं.

"आता बीन्स मी ढवळीन," तो म्हणाला. हसायचा त्याचा प्रयत्न जमला नाही. "तुझ्या त्या घाणेरड्या मलमाने वाचवलं आपल्या दोघांना. देव करो आणि तुझा गुडघा कधीच बरा न होवो."

वेंडल तळहातातला काटा उपटत राहिला.

"तू वाऱ्याकडे तोंड असल्याशिवाय बाण सोडत नाहीस," तो म्हणाला. "म्हणून तर चोळत होतो. माझा गुडघा कधी दुखलाच नाही."