‘बरं’चं इंग्रजी

“ॲग्रीड लिहा,” दिनेश सर तिसऱ्यांदा म्हणाले.

सरिताने की-बोर्डवरचे हात काढून घेतले. शेजारी पूजाचा तक्रारअर्ज होता, मराठीत, शाळकरी वळणदार अक्षरात. अंबडच्या या कारखान्यात चांदवडकडची पूजा पॅकिंगला होती, सरिता ऑफिसात आणि दिनेश सर त्या ऑफिसचे मॅनेजर. तक्रारीची कमिटी बसायची गुरगावला, हेड ऑफिसात. तिथे मराठी कुणाला येत नव्हतं, म्हणून सरिताने अर्जाचं इंग्रजी करून मेल करायचा होता. सगळं झालं होतं. एका वाक्यापाशी घोडं अडलं होतं.

‘शिफ्ट सुटल्यावर सुपरवायझर अश्विन सर म्हणाले, बस जाऊ दे, तू थांब, मी गाडीने सोडतो. मी बरं म्हणले.’

पुढचंही पोरीने काही न लपवता लिहिलं होतं. गाडीत त्याने हात कुठे कुठे घातला, पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला दार उघडून ती कशी पळाली, एक चप्पल गाडीतच कशी राहिली. वाचताना सरिताच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. दिनेश सरांनीही ते सगळं वाचलं आणि बोट ठेवलं ते फक्त ‘बरं’वर.

“ॲग्रीड म्हणजे राजी झाली,” सरिता म्हणाली. “ती राजी कुठे झाली, सर?”

“मग ॲक्सेप्टेड लिहा.”

“म्हणजे त्याने देऊ केलं आणि हिने घेतलं. तसं नाहीये ते.”

“कन्सेंटेड?”

“संमती? ते तर त्याहून वाईट!”

दिनेश सर हसले. ते हसले म्हणून सरिताच्या अंगाचा आणखी तिळपापड झाला. “मॅडम, डिक्शनरीत बघा. सगळ्यांचा अर्थ एकच, होकार. उगाच शब्दाचा कीस काढू नका.”

“एकच आहे ना? मग मी ओबेड लिहिते. सांगितलं ते ऐकलं.”

“ते चालणार नाही,” सर चटकन म्हणाले. आता ते हसत नव्हते.

पूजा दाराजवळच्या स्टुलावर बसून होती. सहीसाठी तिला बोलावून घेतलं होतं. इंग्रजी तिला कळत नव्हतं, पण आपल्याच एका शब्दावरून भांडण चाललंय, एवढं कळत होतं. सरिता गर्रकन तिच्याकडे वळली. सरांवरचा राग सरांवर काढता येत नाही, तो असा भलत्याच माणसावर निघतो.

“तू बरं म्हणालीसच का गं? नाही म्हणायला काय झालं होतं?”

पूजाने मान खाली घातली. “सर हायेत ते. नाय कसं म्हणनार?”

“जीभ झडली असती का तुझी?” सरिता ओरडली. एवढ्याशा शब्दापायी पोरीने हातातली तक्रार घालवली, याचा तिला खरोखरच संताप आला होता. सरिताच्या जागी मी असते तर मीही ओरडले असते, आणि तेवढीच चुकले असते.

दिनेश सरांनी खुर्ची पुढे ओढली. आवाज अगदी मऊ केला. “सरिता मॅडम, तुमचं काँट्रॅक्ट या महिन्यात रिन्यू व्हायचंय ना? त्यावर सही माझी असते. ॲग्रीड लिहा आणि विषय संपवा.”

सरिताच्या घरात सध्या तिच्या एकटीचाच पगार येत होता. हे सरांना माहीत होतं. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग सरांकडे.

“बरं,” ती म्हणाली.

आणि तिने ॲग्रीड टाइप केलं.

पूजाने मान वर केली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मॅडम, तुमी आता बरं म्हणल्या. म्हंजे तुमी राजी झाल्या का?”

सरिताचे कान तापले. पोरीवर ओरडल्याची तिला लाज वाटली. मग तिने तो शब्द पुसला, की-बोर्ड मराठीवर घेतला आणि इंग्रजी वाक्याच्या मधोमध देवनागरीत ‘बरं’ लिहिलं. खाली भराभर आणखी दोन ओळी लिहिल्या, इंग्रजीत.

“काय लिहिताय? दाखवा आधी मला!” दिनेश सर उठले. टेबलाला वळसा घालून ते येईपर्यंत मेल गेला होता. त्यातली तळटीप अशी होती:

‘साहेबांना नाही म्हणता येत नाही, तेव्हा आमच्याकडे हा शब्द म्हणतात. दिनेश सरांनी हे भाषांतर बदलायला सांगितलं, तेव्हा आत्ताच मीही त्यांना हाच शब्द म्हणाले.’