देवस्थळी यंत्राची साक्ष

डॉ. कमलिनी देवस्थळींनी शोधलेलं यंत्र आज त्यांच्याच जुन्या प्रयोगशाळेच्या भिंतीला लावलं होतं. भिंतीत मुरलेले आवाज ते परत ऐकवायचं. त्याच्या साक्षीवर कित्येक निर्दोष सुटले होते, कित्येक संसार मोडले होते.

चौकशी अधिकाऱ्यासमोर दोघी बसल्या होत्या. एक कमलिनीबाईंची मुलगी ऋता. दुसऱ्या शकुंतलाबाई. त्यांचे पती, तंत्रज्ञ वाघमोडे, एकोणीस वर्षांपूर्वी इथल्याच स्फोटात गेले. "मी बाहेर जा म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं नाही," असं कमलिनीबाई मरेपर्यंत सांगत राहिल्या.

यंत्र खरखरलं.

"मॅडम, दाब वाढतोय. बाहेर जाऊ का?" वाघमोडेंनी विचारलं. मग एका बाईचा पुसट आवाज आला आणि लगेच स्फोट.

"बाईंचे शब्द ओळखू येत नाहीत," अधिकारी म्हणाला. "ऋताताई, तुम्हाला कळतंय काही?"

ऋतानं नाही म्हटलं असतं, तर सगळं तिथंच मिटलं असतं.

"आईच आहे," ती म्हणाली. "'अजून दोन मिनिटं थांबा', असं म्हणाली."

शकुंतलाबाई अधिकाऱ्याकडे वळल्या.

"परत लावा," त्या म्हणाल्या. "फक्त आमच्या ह्यांचा आवाज ऐकू दे."