सभ्य शून्य

फ्रान्समधल्या नीस शहरात, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आर्मां आणि सोलांजचा अमेरिकन जावई डग्लस पहिल्यांदाच जेवायला आला होता. सोलांज माशाचं सूप वाढत होती आणि आर्मांची जीभ सुटली होती.

"जावईबापू, तुमच्याकडे म्हणे रुलेटच्या चाकावर दोन-दोन शून्यं! चेंडू शून्यावर पडला की पैसा कॅसिनोचा. एका शून्यानं पोट भरत नाही होय त्यांचं? दिवसाढवळ्या लुटतात तुम्हाला आणि तुम्ही वर टाळ्या पिटता!"

जन्मात जुगार न खेळलेल्या डग्लसनं विचारलं, "आणि इथे?"

"इथे शून्य एकच. त्यातही लाल किंवा काळ्या रंगावर पैसे लावले असतील तर शून्य आल्यावर अर्धे पैसे अदबीनं परत करतात. याला म्हणतात संस्कृती!"

"खरंच का हो आई?"

सोलांजनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खरंय. म्हणून तर माझा समुद्रावरचा बंगला आणि माहेरची द्राक्षबाग जायला उभा जन्म लागला."



डग्लसपुढे सूप ठेवत ती म्हणाली, "तुमच्या अमेरिकेत असतो, तर सगळं एका उन्हाळ्यात गेलं असतं आणि मी यांना भर तारुण्यातच सोडलं असतं."